गाईला बिल्ला, पेंडीला देव

जुन्नर आणि आंबेगावच्या परिसरात कोण कुठून निघालं, कुठे थांबलं आणि कुठे पोचलं याची आजवरची सगळ्यात चोख नोंद ठेवली गेली ती एका बिबट्याची. २००९ च्या एप्रिलमध्ये हे गृहस्थ शेजारच्या पारनेर तालुक्यात, टाकळी ढोकेश्वरला विहिरीत पडले. त्यांना बाहेर काढण्यात आलं. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गळ्यात जीपीएसचा पट्टा बांधला, कातडीखाली चिप बसवली आणि माळशेज घाटात नेऊन सोडून दिलं. तिथून स्वारी जी निघाली ती कसाऱ्याकडे रेल्वेचे रूळ ओलांडून, मुंबई-आग्रा महामार्ग ओलांडून, महिन्याभरात सुमारे १२० किलोमीटर चालून थेट मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाकडे. कुठे दिवस काढला, कुठे रात्र, सगळं कागदावर आहे. २०१४ मध्ये त्यांच्यावर ‘आजोबा’ नावाचा सिनेमाही निघाला.

आता ओझरच्या विघ्नहराचं दर्शन घेऊन माळशेजकडे निघालेला एखादा भाविक वाटेत पाव किलो पेढे घेतो. पेढे बरे असतात. न राहवून तो विचारतो, “खवा कुठला?”

“आपल्या इथलाच.”

“इथला म्हणजे?”

“म्हणजे गाडी येते.”

“कुठून येते?”

“तिकडून.”

एवढं बोलून दुकानदार हाताने जी दिशा दाखवतो त्या दिशेला अर्धा भारत येतो. बिबट्या लाजाळू प्राणी असं म्हणतात, पण खव्याइतका नाही.

नारायणगावजवळच्या खोडदला तर याहून कमाल. तिथे जीएमआरटीच्या दुर्बिणीच्या ३० थाळ्या परिसरात पसरल्या आहेत, एकेक ४५ मीटर व्यासाची. ८.८ अब्ज वर्षांपूर्वी कुठल्याशा दीर्घिकेतून निघालेला हायड्रोजनचा क्षीण संदेश या थाळ्यांनी टिपला, अशी बातमी २०२३ च्या सुरुवातीला आली. विश्वाच्या पार पलीकडच्या आळीत कोणता वायू आहे हे इथे बसून सांगता येतं. अलीकडच्या टपरीवर चहात पडणाऱ्या दुधात दुधाखेरीज काय आहे, ते सांगणारी थाळी अजून कोणी उभी केलेली नाही.

सरकारला माग काढताच येत नाही असं मात्र कोणी समजू नये. मनावर घेतलं की येतो. फक्त मनावर घ्यायला खाणारा माणूस परदेशी असावा लागतो.

जुन्नरचा बागायतदार युरोपला द्राक्ष पाठवायचं ठरवतो तेव्हा आधी त्याच्या बागेचं बारसं होतं. कृषी खात्याकडे प्लॉट नोंदवायचा, त्याला नंबर मिळतो. जात कोणती, क्षेत्र किती, छाटणी कधी झाली, फवारणी कशाची, कोणत्या तारखेला, किती मिलि, हे सगळं वहीत. काढणीच्या आधी प्रयोगशाळेचा माणूस जातीने बागेत येतो आणि स्वतःच्या हाताने घड तोडून नमुना नेतो. बागायतदाराने काढून ठेवलेले घड चालत नाहीत, कारण पाहुण्याला चांगलंच द्यायचं हे आपल्याकडे रक्तात आहे. नमुना पास झाला की पॅकहाऊस, तिथे पेट्यांवर बारकोड, मग फायटो, म्हणजे माल कीड-रोगमुक्त असल्याचा दाखला, मग कंटेनर. शेतमाल निर्यातीचं काम बघणाऱ्या अपेडाने २००६ मध्ये सुरू केलेल्या या ग्रेपनेटमुळे रॉटरडॅममध्ये उघडलेली पेटी कोणाच्या बागेतली आहे हे तिथल्या माणसाला सांगता येतं. कधीकधी बांधाच्या वादात तलाठ्यालासुद्धा इतक्या खात्रीने सांगता येत नाही. नमुना नापास झाला तर मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रातून ‘इंटर्नल अलर्ट’ निघतो आणि तो प्लॉट युरोपपुरता कुलूपबंद होतो.

युरोपपुरताच. वाशीचा रस्ता मोकळा, दिल्लीचा मोकळा, आठवडे बाजाराचा तर कायमच मोकळा. यात दर वेळी बेकायदा काही घडतं असंही नाही, कारण त्यांच्या मर्यादा वेगळ्या, आपल्या वेगळ्या. ज्या औषधाला युरोपने वेगळी मर्यादा ठरवलेली नाही त्याला तिथे किलोमागे ०.०१ मिलिग्रॅमची सरसकट अट आहे. पण जो घड डच पोराच्या तब्येतीला झेपणार नाही असं ठरतं, तो आपला बंडू हातगाडीवरून घेऊन न धुता खातो आणि वर “अजून आहेत का?” विचारतो, तेव्हा बंडूच्या प्रकृतीचं कौतुक वाटल्याशिवाय राहत नाही.

हा काटेकोरपणाही काही आपणहून आलेला नाही. २००३ मध्ये नेदरलँड्सला पोचलेल्या भारतीय द्राक्षांत मिथोमिल आणि ॲसिफेट या औषधांचे अंश सापडले आणि युरोपच्या आरएएसएफएफ या यंत्रणेत आपलं नाव वाजलं. १९७९ पासून ही यंत्रणा चालू आहे. एका देशाला वाईट माल सापडला की त्याने बाकीच्यांना लगोलग कळवायचं, आणि कळवलेलं पुढे जगजाहीर करायचं, एवढाच तिचा धंदा. आपल्याकडे हे काम पूर्वापार चालत आलेलं आहे, फक्त ते माणसांच्या बाबतीत आणि लग्न ठरायच्या वेळेला करतात. नाव वाजल्यावर इकडे धावपळ झाली, औषधांचे अंश तपासायचा कार्यक्रम आखला गेला, पाठोपाठ ग्रेपनेट आलं. आता सगळं मार्गी लागलं म्हणेपर्यंत २०१० उजाडलं.

त्या हंगामात सापडलं क्लोरमेक्वाट क्लोराइड, बागायतदारांच्या बोलण्यातलं सीसीसी. वेलीची वाढ आवरायची आणि काडीत घड धरायला लावायचे, यासाठी हे संजीवक बागांमधून सर्रास वापरलं जात होतं. सगळ्यांना माहीत होतं. गंमत म्हणजे तपासायच्या औषधांच्या यादीत तेवढं नव्हतं. प्रयोगशाळेने विचारलं नाही, द्राक्षाने सांगितलं नाही. युरोपात मर्यादा ०.०५ मिलिग्रॅमची. कंटेनर बंदरात अडकले, भाव कोसळले, आणि बागायतदाराने वर्षभर जपलेला माल त्याच्या डोळ्यांदेखत परका झाला. पुढच्या हंगामापासून सीसीसी यादीत. तेव्हापासून या पट्ट्यात मिलिग्रॅमच्या शंभराव्या भागाचं ज्ञान इतकं पसरलंय की पारावरचा म्हातारासुद्धा ‘एमआरएल’ (अंशांची कमाल मर्यादा) आणि ‘पीएचआय’ (फवारणी ते काढणी किती दिवस) हे शब्द रामराम म्हणावा इतक्या सहज टाकतो.

द्राक्षाचं झालं. आता गाय.

मंचर, अवसरी, पारगाव, घोडेगाव, कुठेही पहाटे सहाला डेअरीपुढे उभं राहावं. मोटारसायकलला दोन्ही बाजूंनी कॅन अडकवलेली पोरं येतात, दूध मापात ओततात. डेअरीवाला वाटीभर नमुना यंत्राच्या नळीखाली धरतो, यंत्र घुर्र करतं आणि पावती बाहेर टाकतं. फॅट ३.६, एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून उरलेला घन भाग, ८.४. सरकारी दर ३.५ आणि ८.५ ला धरलेला. एसएनएफ एक पॉइंट खाली गेला की दर कापला. मग “काल ८.५ लागलं होतं, आज काय झालं?” इथून सुरुवात होते.

“गाईनं पाणी जास्त पिलं आसंल.”

“गाईनं?”

या प्रश्नावर सगळे आपापल्या कॅनची झाकणं लावायला लागतात.

यंत्र प्रामाणिक आहे, पण पैशापुरतं. ज्यावर दर ठरतो तेवढंच ते बोलतं. त्या दुधात प्रतिजैविकाचे अंश आहेत का, बुरशीचं विष आहे का, हे त्याला कोणी विचारत नाही आणि विचारलं तरी सांगायची त्याची पोच नाही. मोठ्या प्रकल्पांच्या फाटकावर या तपासण्या होतात. पण तिथे पोचेपर्यंत पन्नास गोठ्यांचं दूध एका टँकरात एकजीव झालेलं असतं. टँकर नापास झाला तर गुन्हेगार कोणती गाय, हे शोधणं म्हणजे भंडारा उरकल्यावर आमटीत मीठ कोणी टाकलं ते शोधणं.

गाईच्या बाजूने मात्र बोट ठेवायला जागा नाही. तिच्या कानाला पिवळा बिल्ला आहे, त्यावर बारा आकडी नंबर. २०१९ मध्ये लाळ्या-खुरकूत निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि बिल्ल्यांनी जोर धरला. तिचं लसीकरण, तिचं रेतन, तिची वेतं, तिचा धनी, सगळं संगणकावर. महाराष्ट्रात २०२४ पासून बिल्ल्याशिवाय जनावराच्या खरेदी-विक्रीला मनाई झाली. आकडे धन्याच्या आधारला तेवढेच गाईच्या आधारला. फरक इतकाच की गाय आपला नंबर कानातच बाळगते, त्यामुळे कार्ड घरी विसरलं ही सबब तिला सांगता येत नाही.

अशी ही पुरती नोंदलेली गाय खाते काय?

तर आंबोण. सरकी पेंड, गोळी पेंड, मक्याचा भरडा, गव्हाचा भुसा, जोडीला मुरघास. पेंडीच्या पोत्यावर एक गुबगुबीत परदेशी गाय छापलेली असते, तिच्यामागे बर्फाचे डोंगर असतात, आणि ती गाय ज्या नजरेने बघते त्यावरून तिने हे पोतं कधी उघडून पाहिलेलं नसावं. पोतं गोठ्याच्या कोपऱ्यात पडतं. आषाढात भिंत पाझरते. तळातल्या पोत्याला ओल धरते, पेंडीच्या गाठी होतात, गाठींवर हिरवट साय चढते. टाकून द्यायला निघालेल्या सुनेला घरातलं वडीलधारं माणूस अडवतं, “टाकतीस कशाला? उन्हात घाल, व्हईल बेस. न्हाईतर भाकड गाईला चार.” दुपारच्या उन्हात पेंड मोकळी होते, वास जातो, सगळ्यांना बरं वाटतं. पोतं बाराशेचं असो की सोळाशेचं, ते उकिरड्यावर ओतायला छाती लागते, आणि दुधाच्या दराने ती छाती केव्हाच बसवलेली असते.

ऊन वास नेतं, विष नेत नाही. या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन तयार होतं. पेंडीत त्याचं नाव बी१. गाईच्या पोटातून काळजात जाऊन दुधात उतरतं तेव्हा एम१. हा प्रवास साधारण एका दिवसात होतो, आणि दूध उकळलं म्हणून ते जात नाही. जगाला याचा पत्ता लागला तो १९६० मध्ये, इंग्लंडात टर्की कोंबड्या पटापटा मरायला लागल्या तेव्हा. एक लाखाच्या वर गेल्या. शोध घेतला तर दोषी निघाली ब्राझीलहून आलेली शेंगदाण्याची पेंड. आपल्याकडे १९७४ च्या पावसाळ्यानंतर गुजरातच्या पंचमहालात आणि राजस्थानच्या बांसवाड्यात आदिवासी कुटुंबांनी भिजलेला, बुरसटलेला मका खाल्ला. शंभराहून जास्त माणसं दगावली. त्या घरांतली कुत्रीही त्याच अन्नावर मेली. कुत्र्यांनी दिलेली सूचना कुठल्याच यंत्रणेत नोंदवायची सोय नव्हती.

म्हणजे पेंडीवर कोणाची तरी करडी नजर हवी. कायदा काय म्हणतो? २००६ चा अन्न सुरक्षा व मानके कायदा ५ ऑगस्ट २०११ पासून लागू झाला. त्यातली अन्नाची व्याख्या ऐसपैस आहे, पाणी आणि च्युइंगमसुद्धा त्यात बसतं. मात्र जनावराचं खाद्य त्यातून स्पष्ट शब्दांत वगळलं आहे. काढणीपूर्वीचं पीकही वगळलं आहे. पुढे कलम १८ सांगतं की शेतकरी, मच्छीमार, त्यांची पिकं, त्यांची जनावरं आणि शेतीत वापरायचा माल यांना हा कायदा लागू नाही. पेंड अन्न नाही, गाय अन्न नाही, धनी कायद्याच्या बाहेर. गोठ्याच्या उंबऱ्यापर्यंत बुरशीला संपूर्ण स्वराज्य आहे. तेच दूध डेअरीच्या मापात पडलं की अन्न होतं, आणि त्यात किलोमागे ०.५ मायक्रोग्रॅमच्या वर एम१ निघालं की बेकायदा ठरतं. शेतकऱ्याला इन्स्पेक्टरच्या तावडीत दिलं नाही हे बरंच झालं. दोन गाईवाल्याच्या दारात आणखी एक साहेब उभा करून कोणाचंच भलं झालं नसतं. पण पेंड तो काही घरी बनवत नाही. ती कारखान्यात बनते, पावतीसह विकली जाते, आणि तिचा कारखानदार काही मच्छीमार नव्हे.

हे दिल्लीलाही सुचलं होतं. जानेवारी २०२० मध्ये या कायद्याखालच्या केंद्रीय प्राधिकरणाने, म्हणजे एफएसएसएआयने, आदेश काढला की दुभत्या जनावरांचं बाजारी खाद्य मानक ब्यूरोच्या निकषांत बसलं पाहिजे, पोत्यावर आयएसआयचा शिक्का पाहिजे. आदेशापाठोपाठ मुदतवाढ आली. मुदतवाढ हे आपल्या प्रशासनातलं एकमेव पीक आहे ज्याला कीड लागत नाही.

पेंडीकडे दुर्लक्ष केलं की काय होतं याचा धडा बेल्जियमने १९९९ मध्ये घेतला. पशुखाद्यात मिसळायच्या चरबीत औद्योगिक तेल गेलं, त्यातून डायॉक्सिन कोंबड्यांत आणि अंड्यांत उतरलं. सरकारला आधी कळलं, लोकांना उशिरा. जूनच्या पहिल्याच दिवशी आरोग्यमंत्री आणि कृषिमंत्री घरी गेले, आणि दोनच आठवड्यांत निवडणुकीत पंतप्रधान देहाने यांचं सरकारही. २००२ मध्ये युरोपने नवा कायदा केला आणि आरएएसएफएफच्या घंटेला पशुखाद्यही रीतसर बांधलं. अंड्यावरून सरकार पडतं हे ऐकून आपल्याकडच्या कोणत्याही मंत्र्याला हसू येईल. आपल्याकडे सरकार पडायला आमदार लागतात.

आपल्याकडे त्याऐवजी सर्वेक्षण होतं. २०११ मध्ये एफएसएसएआयने देशभरातून दुधाचे १,७९१ नमुने घेतले, ६८.४ टक्के निकषांत बसले नाहीत. देश हादरला, पण चहा सुटला नाही. मग २०१८ मध्ये मोठं सर्वेक्षण झालं, ६,४३२ नमुन्यांचं. त्यात भेसळीचे, म्हणजे खरोखर घातक काही मिसळलेले, नमुने निघाले फक्त १२. आनंदीआनंद झाला. त्याच अहवालात थोडं खाली लिहिलं होतं की ३६८ नमुन्यांत अफ्लाटॉक्सिन एम१ मर्यादेबाहेर होतं. म्हणजे भेसळ करणाऱ्या माणसापेक्षा काहीही न करणारी बुरशी तीसपटीने पुढे. पण बुरशीला अटक करता येत नाही, तिचा तोंड झाकलेला फोटो छापता येत नाही, त्यामुळे बातमी १२ ची झाली. हे सर्वेक्षण ५० हजारांहून जास्त वस्तीच्या शहरांपुरतं होतं. २०११ च्या जनगणनेप्रमाणे जुन्नर, मंचर, नारायणगाव यांतलं एकही तेवढं मोठं नाही. जिथून दूध निघतं त्या गावांना कोणी विचारलं नाही, जिथे पोचतं तिथे विचारलं.

नमुना घेणं हा स्वतंत्र सोहळा आहे. अन्न सुरक्षा अधिकारी दुकानात येतात, पंच शोधतात. चौकात कायम उभी असणारी माणसं त्या क्षणी नाहीशी होतात. नमुना फुकट घ्यायचा नाही, रोख किंमत मोजून विकत घ्यायचा. त्याचे चार भाग करायचे, बाटल्या बांधायच्या, लाखेची मोहर उठवायची. एक भाग अन्न विश्लेषकाकडे, दोन पदनिर्देशित अधिकाऱ्याच्या ताब्यात, आणि चौथा दुकानदाराने मागणी केली तर मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत. विश्लेषकाने १४ दिवसांत अहवाल द्यायचा. दूध १४ दिवस थांबत नाही, त्याला फॉर्मॅलिन घालावं लागतं: नियमाप्रमाणे २५ मिलिलिटरला ०.१ मिलिलिटर, म्हणजे दोन थेंब. दूध टिकावं म्हणून गवळ्याने फॉर्मॅलिन घातलं तर तुरुंग. गवळ्याने घातलंय का हे बघायचं तर आधी सरकार घालणार. अहवाल येईपर्यंत त्याच कॅनमधलं बाकीचं दूध पुणेकरांनी पिऊन, पचवून, त्यावर दरवाढीची तक्रारही केलेली असते.

कागदावरच्या यंत्रणेपेक्षा तोंडी यंत्रणा किती चपळ असते हे २०२० च्या मे महिन्यात दिसलं. टाळेबंदी होती. टोमॅटोवर रोग आला; फळं धड लाल होईनात, लाल-पिवळे-हिरवे पट्टे उमटायला लागले. शेतकऱ्यांनी त्याला ‘तिरंगा’ म्हटलं. कुठून तरी आवई उठली की हा टोमॅटोतला विषाणू माणसाला कोरोनाहून घातक आहे. मोबाइल आणि टीव्हीने ती घराघरात नेली. झाडाचा विषाणू माणसाला होत नाही हे कोणत्याही कृषी पदवीधराने छातीठोक सांगितलं असतं, पण त्याला कोणी विचारेपर्यंत गिऱ्हाईक टोमॅटोला हात लावेना. नमुने बंगळुरूच्या उद्यानविद्या संशोधन संस्थेत गेले. तिथून कळलं की हा प्रामुख्याने काकडीवरचा मोझॅक विषाणू, आणि खाणाऱ्याला त्याची बाधा नाही. हा खुलासा चालत आला. आवई आधीच उडत गेली होती, आणि नारायणगावच्या बाजारासारख्या ठिकाणी जिथे सारा संसार क्रेटच्या भावावर चालतो, तिथे उडत गेलेली गोष्ट खाली उतरवायला फार वेळ लागतो.

खऱ्या दुखण्याची नोंद मात्र सावकाश होते. जत्रेच्या जेवणानंतर गावाला जुलाब लागले तर पहिल्या दिवशी दोष उन्हाला, दुसऱ्या दिवशी पाण्याला, तिसऱ्या दिवशी नजरेला जातो. तोवर आरोग्यसेविका फॉर्म भरते. २००४ पासून एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम आहे; लक्षणांचा ‘एस’, डॉक्टरांच्या अंदाजाचा ‘पी’ आणि प्रयोगशाळेचा ‘एल’, असे तीन फॉर्म. तिने ‘एस’ भरला की माहिती वर सरकायला लागते. उपासाची भगर यात दर वर्षी हजेरी लावते. दमट हवेत तिच्यावर अस्परजिलस जातीची बुरशी येते आणि विष धरते. फेब्रुवारी २०२४ मध्ये बुलढाण्याच्या लोणार तालुक्यात एकादशीच्या प्रसादानंतर शेकडो माणसं आजारी पडली; मंदिराबाहेर दोऱ्या बांधून त्यांवर सलाइनच्या बाटल्या टांगल्या होत्या. अन्न व औषध प्रशासन सणांच्या तोंडावर पत्रक काढतं: सुटं भगरपीठ घेऊ नका, पाकीटबंद घ्या, जुनं दळू नका. भीमाशंकरला महाशिवरात्रीला निघालेला माणूस ते वाचत नाही, कारण उपासाचा पदार्थ बाधतो ही कल्पनाच त्याला पाखंडी वाटते.

पनीरची कथा यापेक्षा सरळ आहे. त्याला आवाज मिळाला तो मार्च २०२५ मध्ये. श्रीगोंद्याचे आमदार विक्रम पाचपुते यांनी नकली पनीर थेट विधानसभेत आणून दाखवलं. दुधाऐवजी वनस्पती तेल वापरून केलेला हा ‘ॲनालॉग’ तसं लिहून विकला तर कायद्याने चालतो. हॉटेलात तो ‘पनीर’ या नावाने ताटात येतो तिथे घोटाळा. ज्या पट्ट्यात दुधाला भाव मिळत नाही म्हणून रस्त्यावर दूध ओतलं जातं, त्याच पट्ट्यातल्या ढाब्यावर बिनदुधाचं पनीर खपावं, याला अर्थशास्त्रात काहीतरी नाव असेलच.

मिठाईवाल्याला चौदा आकडी परवाना आहे, गाईपेक्षा दोन आकडे जास्त. छोट्या धंद्याला नोंदणी वर्षाला १०० रुपयांत मिळत आली आहे. १ ऑक्टोबर २०२० पासून सुट्या मिठाईच्या ट्रेवरही ‘बेस्ट बिफोर’ची तारीख लावायची आहे. जून २०२३ मध्ये राज्य सरकारने दूधभेसळ रोखायला जिल्ह्याजिल्ह्यात अपर जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली समित्या नेमल्या. त्यांत पोलीस आले, अन्न प्रशासन आलं, वजनमापवाले आले, दुग्धविकास आला. फिरती प्रयोगशाळाही आहे, ‘फूड सेफ्टी ऑन व्हील्स’ असं मोठ्या अक्षरांत रंगवलेली. तक्रारीला १८००२२२३६५ हा टोल फ्री क्रमांक आहे.

इतक्या खात्यांची माणसं पुण्याहून निघतात तेव्हा मात्र जुन्नर-आंबेगावची खरी माग काढणारी यंत्रणा जागी होते. तिला पट्टा लागत नाही, बारकोड लागत नाही, सर्व्हर डाऊन होत नाही. चाकण सोडलं की पहिला फोन येतो. राजगुरुनगरला चहा झाला, दोन गाड्या आहेत, एक बोलेरो. खेड घाट चढले. पेठेत थांबले नाहीत. अवसरी फाट्याला एक गाडी आत वळली, दुसरी सरळ. मंचरला उतरले, पण ते एसटी स्टँडवर लघवीला. कळंब ओलांडलं. आणि साहेब नारायणगावात गाडीतून पाय खाली ठेवतात तेव्हा कुठल्याशा दुकानात बर्फीच्या ट्रेवर चिठ्ठी खोचून झालेली असते, ‘बेस्ट बिफोर’ची तारीख उद्याची, शाई ओली, आणि मालक खुर्ची पुसत विचारत असतो, “साहेब, रस्त्याला ट्रॅफिक लागलं का हो? अर्धा तास उशीर झाला आज.”